कोड बंद केला त्याची गोष्ट

दोघी जावा मिळून एक पार्लर चालवत. थोरलीचा आवाज रस्त्यापर्यंत जायचा. तिला त्याची खंत नव्हती. ती धाकटीच्या वाट्याला आली होती.

पार्लरचं ऑनलाइन खातं धाकटी सांभाळायची. पासवर्ड टाकला की थोरलीच्या फोनवर कोड यायचा, तो घातल्याशिवाय खातं उघडत नसे. थोरलीचे हात नेमके केसांच्या रंगात असायचे.

"ताई, कोड सांगा ना."

"आला बघा कोड! नर्सबाई, तुमचे हात मोकळे आहेत, जरा मोठ्यानं वाचा बरं. आमच्या बाईसाहेबांना रोज स्वतःची ओळख पटवावी लागते."

खुर्चीतल्या नर्सबाई, नेहमीचं गिऱ्हाईक, आकडे खणखणीत वाचायच्या. सगळं पार्लर हसायचं.

एका दुपारी धाकटीनं असाच कोड मागितला, खातं उघडलं आणि सेटिंगमध्ये जाऊन ती पायरीच बंद करून टाकली. उरला पासवर्ड. तो म्हणजे पार्लरचं नाव, जे बाहेर पाटीवर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं.

"हल्ली कोड मागत नाहीस?" थोरलीनं विचारलं.

"आता फोन मला ओळखतो."

"बरं झालं. कुणीतरी ओळखलं."

मग एके दिवशी खातं गेलं. थोरलीनं इतक्या वर्षांत सजवलेल्या नवरींचे फोटो गेले आणि त्या जागी कुणीतरी गोरं होण्याचं क्रीम विकायला बसलं.

"चूक माझीच," थोरली म्हणाली. "गावभर कोड वाचून घेतले. कुणी ऐकला असेल. नाहीतर त्या नर्सबाईंनीच..."

धाकटीनं झाडू हातात घेतला. थोरलीचा आवाज आता रस्त्यापर्यंत जाईनासा झाला. पुढच्या वेळी नर्सबाई आल्या, तेव्हा थोरली "आज वेळ नाही" एवढंच म्हणाली. दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. नर्सबाईंनी त्या पाहिल्या आणि निघून गेल्या.

धाकटी न सांगता चहा आणू लागली. घडी केलेले टॉवेल उलगडून पुन्हा घडी घालू लागली. अपराधी माणसाच्या हातांना फार कामं सुचतात.

बऱ्याच खटपटीनंतर खातं परत मिळालं. फोटो मिळाले नाहीत.

"तो कोड पुन्हा मागत जा," थोरली हळूच म्हणाली. "आता मी मनातल्या मनात वाचीन."

तिचा तो दबका आवाज धाकटीला सोसवेना.

"ताई, खातं गेलं तेव्हा कोड चालूच नव्हता. मी बंद केला होता. सगळे हसायचे म्हणून."

थोरलीनं हातमोजे उतरवले. ती ओरडेल म्हणून धाकटी वाट बघत राहिली.

"आणि मी त्या बाईला दारातून परत पाठवलं," थोरली म्हणाली. "चपला घाल."

नर्सबाईंनी दार उघडलं. घरीच लावलेला रंग कपाळावर ओघळला होता. या दोघींनी तोंड उघडायच्या आतच त्या म्हणाल्या, "माझंच काही चुकलं होतं का हो? मी फार मोठ्यानं वाचायचे का?"

थोरली बाजूला सरकली. दारात आता धाकटी एकटीच उभी होती.