परक्या चढायांचा अल्पेश

अल्पेश मोकल आठ वर्षं भावी होता. माणूस भावी सरपंच असतो, भावी आमदार असतो, मग निवडणूक होते आणि तो एकतर खुर्चीत बसतो नाहीतर तोंड लपवून घरी बसतो. अल्पेशचं यातलं काहीच होईना. तो एकोणीस वर्षांचा असताना आमच्या खारढोंडीच्या वेशीवर 'महाराष्ट्राचा भावी चढाईसम्राट' असा फ्लेक्स लागला आणि पुढे दर गणपतीला तो नव्याने लागत गेला. फोटो तेवढा बदलायचा. पहिल्या फ्लेक्सवर नुकती मिसरूड फुटलेली होती, आठव्यावर कपाळ डोक्याच्या निम्म्यापर्यंत पोहोचलं होतं. मजकूर मी लिहिलेला असल्यामुळे त्यात बदल करायची कुणाची छाती नव्हती.

मी म्हणजे मोरू. गावच्या कबड्डी मंडळाचा कार्यवाह आणि पोटापाण्यासाठी माणगावच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक. अल्पेशला मातीत पहिल्यांदा मी उतरवला. हे मी कुणी विचारायच्या आत सांगून टाकतो, कारण विचारायला कुणी येत नाही.

तर एकोणिसाव्या वर्षी त्याला 'दर्याराज' संघाने उचलला. टीव्हीवर दिसतो तो दर्याराजचा वरचा संघ. त्याच्या खाली त्यांचा एक दुसरा संघ आहे, तो कुठेच दिसत नाही. माणगावच्या बाहेर एका भाड्याच्या हॉलात त्याचं शिबिर चालतं. गावोगावच्या मैदानांवरून वेचलेली पंधरा-सोळा पोरं तिथे खाऊ-पिऊ घालून वाढवायची आणि वर्षाला त्यातली एक-दोन वर न्यायची. आपण भाताचं बी राबात दाट पेरतो आणि मग रोप उपटून लावणी करतो, तसाच प्रकार. पण रोप वेळेत लावलं तर धरतं. राबातच राहिलं की निबर होतं. अल्पेश राबात आठ वर्षं राहिला.

याला कारण त्याचं कौतुकच.

नक्कल करणं हे त्याच्या अंगातच होतं. त्याचा बाप नामा मिठागरात काम करायचा, टाचा उचलून चालायचा. अल्पेश सात वर्षांचा असताना बापामागून तसाच चालत घरी आला आणि आई मैनाने दोघांनाही एकदमच "पाय धुवा" म्हणून दम भरला. गावातल्या माणसाची चाल तो पाठमोरा करून दाखवायचा आणि आम्ही नाव ओळखायचो. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही म्हणतात. याने तेही आणलं असतं.

शिबिरातल्या दुसऱ्या वर्षी वरच्या संघाचे प्रशिक्षक माणगावला आले. पुढचा सामना कुलदीपच्या संघाशी होता. हा कुलदीप उत्तरेकडचा, त्या वर्षीचा सगळ्यात भारी चढाईपटू. मांडीवर हात पुसणार, डाव्या कोपऱ्याकडे निवांत चालत जाणार आणि कुणाला कळायच्या आत उलटा वळून उडी मारून निघून जाणार. त्याला धरायचा सराव करायचा तर समोर कुलदीप पाहिजे, तो कुठून आणायचा? अल्पेश म्हणाला, "मी बगतो." दोन दिवस मोबाइलवर कुलदीप पाहिला आणि तिसऱ्या दिवशी मॅटवर कुलदीपच उतरला. वरच्या संघाचे चार नावाजलेले पकडपटू त्याने आडवे केले. प्रशिक्षकांनी त्याला मिठी मारली.

आणि तिथेच पोराचं नशीब फुटलं. पुढे दर आठवड्याला वरून निरोप यायचा, अमक्या संघाशी सामना आहे, त्यांचा तमका चढाईपटू तयार कर. अल्पेश तयार व्हायचा. कधी लंगडत जाणारा, कधी नाचत जाणारा, कधी खांदा पुढे काढून बैलासारखा घुसणारा. वर जायची वेळ आली की प्रशिक्षक म्हणायचे, "तू वर आलास तर इथे तुझं काम कोण करणार?" म्हणजे काम वाईट केलं असतं तर हाकलला असता आणि चांगलं केलं म्हणून खालीच ठेवला. याला काय म्हणायचं? मी प्रशिक्षकांना पत्र लिहिणार होतो. लिहिलंही. मग माझ्या भाषेची मलाच भीती वाटली आणि ते टाकलं नाही.

शिबिरात त्याला त्याच्या नावाने हाक मारायचं हळूहळू बंदच झालं. ज्या आठवड्याला जो असेल, त्या नावाने हाक. "ए कुलदीप, पाणी पी." "कुलदीप, उद्या सहाला." वर जाणाऱ्या पोरांना निरोप द्यायला तो स्टँडवर यायचा, त्यांची बॅग डिकीत टाकायचा, वर कसं वागावं याचा उपदेश करायचा. स्वतः कधी न गेलेल्या गावाचा रस्ता सांगण्यात त्याचा हातखंडा होता. अशी अकरा पोरं त्याने माझ्या फलाटावरून चढवून दिली.

शनिवारी तो घरी यायचा तेव्हा त्या आठवड्याचा पाहुणा अंगातून गेलेला नसायचा. जेवायला बसताना मांडीवर हात पुसायचा. नसलेले केस मागे झटकायचा. त्याची बायको कल्पिता भाकरी थापता थापता विचारायची, "आवो, आज कंचा पावना आनलाव? त्याला तिकट चालतं का न्हाय?" आम्ही हसायचो. तोही हसायचा. एकदा मात्र ती हसता हसता थांबून म्हणाली, "कवातरी तुमी एकलेच येवा ना." तेव्हा मी चहा संपवून निघून आलो.

सत्ताविसाव्या वर्षी त्याला पत्र आलं. दुसऱ्या संघात सत्ताविसाच्या पुढे ठेवत नाहीत. या मोसमात वर गेला तर गेला, नाहीतर घरी. पत्र घेऊन तो माझ्या केबिनमध्ये आला. बाहेर श्रीवर्धन गाडीची माणसं माझ्या नावाने ओरडत होती. मी म्हटलं, "बरं झालं, फ्लेक्सचा खर्च वाचला." माझी जीभ अशीच आहे. त्याने ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि म्हणाला, "मोरूदादा, मना स्टार न्हाय व्हायचा. एक सामना पायजे वरच्या संघात. मी मॅटवर हाय आनि कोनतरी माजा नाव घेऊन वरडतोय, येवढाच. एकदाच." मला आजही त्या फ्लेक्सच्या खर्चाच्या वाक्याची लाज वाटते.

आणि मग मोसमाच्या शेवटी, एकाच आठवड्यात वरच्या संघाच्या दोघा चढाईपटूंचे गुडघे गेले. दुसऱ्याच्या गुडघ्यावर आनंद मानू नये. पण आमच्या गावाने मानला, खोटं कशाला बोलू? अल्पेशला बोलावणं आलं. सामना कुणाशी, तर कुलदीपच्या संघाशी.

शनिवारी संध्याकाळी मंडळाच्या हॉलात मोठा टीव्ही लावला. मैनाबाई पहिल्या रांगेत, शेजारी कल्पिता. मागे गोदू बसला होता. गोदू हा आमच्याकडचा जुना पकडपटू, त्याने आजवर कुणालाही चांगलं म्हटलेलं नाही. बत्तीस मिनिटं अल्पेश बाकावर बसून राहिला. कॅमेरा त्याच्यावरून गेला की हॉल ओरडायचा. तेहतिसाव्या मिनिटाला त्याला उठवलं. प्रशिक्षक त्याच्या कानाशी काहीतरी बोलले. ते काय बोलले हे त्याने नंतर सांगितलं: "जा, तुझी चढाई कर."

तुझी! आठ वर्षांत त्याच्या चढाईला हा शब्द कुणी लावला नव्हता. त्याने मध्यरेषा ओलांडली आणि मला दिसलं की याचं डोकं रिकामं झालंय. मग त्याने मांडीवर हात पुसला.

"न्हाय रे! न्हाय!" मी ओरडलो, पण टीव्हीला ऐकू जात नाही.

तो डाव्या कोपऱ्याकडे निवांत चालत गेला. कुलदीपच्या संघापुढे त्याने कुलदीपची चढाई केली. जी माणसं वर्षानुवर्षं रोज सकाळ-संध्याकाळ खुद्द कुलदीपला अडवण्याचा सराव करतात, त्यांच्यापुढे! त्यांचा एक पकडपटू तर चक्क हसला. उलटा वळून उडी मारायच्या आत चौघांनी त्याला उचलून खाली ठेवला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बाहेर उभा असलेला कुलदीपही हसत होता.

मैनाबाईंनी डोळे मिटून घेतले. गोदू म्हणाला, "झाला. आता त्या फ्लेक्सचा कापड कोंबऱ्यांच्या खुराड्यावर टाका." मी त्याला जे म्हणालो ते बायका समोर असताना म्हणायला नको होतं.

पाच मिनिटं अल्पेश बाहेर खाली मान घालून बसला होता. मग आमच्या एकाने गुण आणला आणि नियमाप्रमाणे अल्पेश पुन्हा आत आला. तोवर सामना संपत आला होता. दर्याराज एका गुणाने पुढे, आणि शेवटची चढाई त्यांची. कुलदीपला एक गुण मिळाला तर बरोबरी, दोन मिळाले तर हार. आमचा डाव्या कोपऱ्याचा भरवशाचा पकडपटू बाद होऊन बाहेर होता. प्रशिक्षक हाताने कुणाला तरी तिथे जायची खूण करत होते. त्या खुणेकडे न बघता अल्पेश स्वतःच चालत डाव्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. चढाईपटूने कोपरा धरायचा नसतो. आयुष्यात त्याने कधी धरलाही नव्हता.

कुलदीप आला. मांडीवर हात पुसला. निवांत डाव्या कोपऱ्याकडे चालत गेला. बाकीचे पाचजण त्याच्या हातांकडे बघत होते. अल्पेश त्याच्या कुठल्याच अवयवाकडे बघत नव्हता. त्याने मला नंतर सांगितलं, "मना बगाया लागलाच न्हाय. उजवा गुरगा वाकला का डावी टाच मागं ऱ्हाते. ती मागं ठेवल्याबिगर ती उडी मारताच येत न्हाय. सात वर्सां मीच मारतंय ना ती." कुलदीपचा गुडघा वाकायला आणि अल्पेश जमिनीवर झेपावायला एकच वेळ झाली. डावा घोटा दोन्ही हातांत. कुलदीपने ओढलं, अल्पेश मॅटवरून फरपटत गेला, पण सोडला नाही. मग बाकीचे पाचजण येऊन वर पडले.

ढिगाऱ्याखालून अल्पेश बाहेर आला तेव्हा त्याच्या ओठातून रक्त येत होतं. समालोचक त्याचं नाव घेत होता. एकदा, दोनदा, मी टीव्हीला कान लावून मोजलं, सहा वेळा. आमच्या हॉलातल्या ओरड्यात बाकी कुणाला काही ऐकू येत नव्हतं. कल्पिता रडत होती आणि हसत होती आणि मैनाबाई तिला हलवून विचारत होत्या, "अगो, धरला कोनाला? सांग ना, कोनाला धरला?" गोदू उठून उभा राहिला होता. टाळ्या वाजवत नव्हता, पण उभा होता.

दर्याराजने त्याला वर ठेवला, चढाईपटू म्हणून नाही, डाव्या कोपऱ्याचा पकडपटू म्हणून. सत्ताविसाव्या वर्षी नवीन धंदा. माणगावच्या शिबिरात त्याच्या जागी दुसरा नकलाकार सापडला नाही आणि त्यावाचून संघाचं काही अडलंही नाही, हे मी इथे मुद्दाम नमूद करतो.

पुढच्या मोसमात मुंबईला पुन्हा कुलदीपच्या संघाशी सामना होता. अल्पेशने मला पास काढून दिला. सामन्याआधी अंग मोकळं करायला दोन्ही संघ मॅटवर आले होते आणि मी कडेला रेलिंगला टेकून उभा होतो. कुलदीप स्वतःहून चालत आला, अल्पेशच्या गळ्यात हात टाकला. "भाई, तेरी वजह से कैंप में एक लड़का रखना पड़ा। पूरा दिन बायें कोने में खड़ा रहता है, अल्पेश बनके। मेरा पैर सुजा दिया उसने!"

आमच्या खारढोंडीच्या पोराची नक्कल करायला तिकडे माणूस ठेवलाय! गावात जाऊन हे कुणाकुणाला सांगायचं त्याची यादी मी तिथेच सुरू केली. पहिला गोदू. अल्पेशही हसला, लाजला. मग त्याने विचारलं, "नाम क्या है उसका?"

कुलदीपने पलीकडे बोट दाखवलं आणि डोकं खाजवलं. "नाम... पता नहीं यार। हम सब उसको अल्पेश ही बोलते हैं।"

अल्पेशचं हसू गेलं. तो मॅट ओलांडून सरळ पलीकडच्या बाकाकडे गेला. तिथे अगदी टोकाला एक शेलाटा पोरगा गुडघे जवळ घेऊन बसला होता. अल्पेश त्याच्यासमोर उकिडवा बसला. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. परत येताना तो कुलदीपपाशी थांबला, त्याला दोन शब्द सांगितले आणि माझ्याकडे आला.

"काय रे, काय केलंस?"

"काय न्हाय. नाव इचारला त्याचा. गणराज हाय."

तेवढ्यात पलीकडून कुलदीपने मोठ्याने हाक मारली, "गणराज! इधर आ!" त्या पोराने आधी मागे वळून पाहिलं, आणखी कुणी उभं आहे का म्हणून. मागे कुणीच नव्हतं. मग तो उठला.