विस्तव

गोवरीचा धूर नाकात गेला की तुडीलची ती सकाळ आठवते. मी नवी सून होते. गावानं ठरवलेल्या उमेदवाराला मत दिलं नाही म्हणून गावकीनं शेजारचं घर वाळीत टाकलं होतं. त्या घरची काशीवैनी हातात खापर घेऊन दारात आली.

"चूल विझली गो. वाईच विस्तव दे. लेकरू उपाशी हाय."

मी निखाऱ्यांवर राख ओढली. "नाय वैनी, माझीबी विझली."

छपरातून निघणारा धूर तिला दिसत होता. ती रिकामं खापर घेऊन परत गेली.

घरात तेव्हा कुणीच नव्हतं. गावकीत बायकांना जागा नव्हती, आणि विस्तवाबद्दल गावकीनं काही ठरवलंही नव्हतं. ते मी ठरवलं.

माणसाला राजकारण कोण शिकवतं, असं नातू विचारतो. मला कुणीच शिकवलं नव्हतं.