गोदावरीबाईंच्या भिंतीतला पिंपळ

साकोलीला हायवेच्या कडेला ईश्वरचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. पंपाची मोटार जळली की आजूबाजूचे शेतकरी ती त्याच्याकडेच आणतात. ईश्वर आधी ती हुंगतो आणि मग पाने हातात घेतो. पन्नाशी उलटली, तरी धान सोडून त्यानं कधी काही लावलं नव्हतं.

शेजारच्या गोदावरीबाईंच्या भिंतीत पिंपळ उगवला होता. उंची जेमतेम वीतभर, पण बुंधा अंगठ्याएवढा. भेग खिडकीपर्यंत गेली होती. तीन गवंडी आले आणि पिंपळ पाहून तिघेही परत गेले. पिंपळ उपटायचं पाप कोण घेणार? बाईंची स्वतःचीही हिंमत नव्हती.

ईश्वरच्या मुलीनं, दामिनीनं, त्याला मोबाइलवर बोन्साय दाखवले होते. जाड बुंध्याचं बुटकं झाड करायला लोक वर्षानुवर्षं घालवतात. इथं तर भिंतीनंच अर्धं काम करून ठेवलं होतं.

"काकी, मी काढतो त्याले. कुंडीत जगवतो."

"अन् मेला तं?"

"नाही मरत."

"मेला तं पाप तुया डोक्यावर. देवाले तुयं नाव सांगीन मी, दुकानाच्या पत्त्यासकट."

दोन सकाळी विटा सैल करण्यात गेल्या. पिंपळ निघाला, पण त्याचं लांबलचक मूळ पसरट कुंडीत मावेना. ईश्वरनं कात्री लावली तशी बाई ओरडल्या, "काहून रे कापून राहिला? हेच का तुयं जगवणं?"

"रोवणीत धानाचे परे उपटतो तेव्हा रोपायची मुळं तुटतेच ना, काकी? तरी धान होतेच."

बाईंना हे पटलं. अडचण अशी झाली की ईश्वरलाही ते जरा जास्तच पटलं. त्याला कुंडीच्या जागी इवलीशी बांधी, धानाचं खाचर, दिसू लागली. बांधीतून पाणी निसटू द्यायचं नसतं, म्हणून त्यानं कुंडीच्या भोकाला रबरी बूच ठोकलं आणि वर बोटभर पाणी उभं केलं. वाइंडिंगच्या उरलेल्या तांब्याच्या तारेनं फांदी झोकात वाकवली आणि कुंडी दुकानातल्या स्टुलावर मांडली.

दहा दिवसांत पानं पिवळी पडली. बाई रोज डोकावून जात.

"पिवळा पडला ना रे?"

"पिकून राहिला, काकी."

"धान आहे का तो, पिकायले?"

त्या गेल्यावर ईश्वरनं कुंडी उचलली आणि सवयीनं हुंगली. नालीसारखा कुबट वास आला. मुळं पाण्यात कुजत होती! त्यानं बूच उपटलं, झाड काढलं, काळी मऊ पडलेली मुळं छाटली. खाली विटांचे तुकडे घातले, वर जाड रेती आणि थोडं शेणखत. तरीही उरलेलं शेवटचं पान गळालंच. स्टुलावर नुसती काडी उरली.

ती पाहून बाईंनी नुसता पदर डोक्यावर घेतला. शिव्या दिल्या असत्या तर ईश्वरला बरं वाटलं असतं. त्यानं नखानं साल किंचित खरवडली. "पाहा काकी, आतून हिरवा आहे."

बाईंनी चष्मा पुसून पाहिलं. "सध्या तं आहे," एवढंच म्हणाल्या.

आता तो माती बोटानं चाचपून, कोरडी लागली तरच पाणी देई. गिऱ्हाईक समोर बसलेलं असलं तरी आधी काडीकडे बघे. तीन आठवड्यांनी टोकाला तांबूस सुई दिसली. चार दिवसांत तिची दोन लालसर पानं झाली, तेल लावल्यासारखी चकचकीत.

शनिवारी बाई गडवाभर पाणी घेऊनच हजर.

"काकी, एवढं नोको! दोन चमचे."

"दोन चमच्यानं देव भिजते का रे?" म्हणत त्यांनी दोनच चमचे घातले, हात जोडले आणि स्टुलाभोवती फेऱ्या सुरू केल्या. मध्ये जळक्या मोटारींचा पसारा, त्यात पाय पसरून बसलेला एक शेतकरी. प्रत्येक फेरीला त्याला पाय वर घ्यावे लागत.

चौथ्या फेरीला त्यानं विचारलं, "भाऊ, माया मोटारचं कसं?"

"फेरे होऊ दे, बापा," ईश्वर म्हणाला, "मग पाहतो."