दोन माणसांची गाडी

आरमोरीच्या स्टँडावर मीराबाईचं चहाचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे काय, चार बल्ल्या, वर टिनाचे पत्रे, दोन बाकडी आणि एक भट्टी. पण बाईच्या तोंडापुढं भल्याभल्यांची बोलती बंद व्हायची. चहा पातळ झाला म्हणणाऱ्याला ती सरळ वैनगंगेची वाट दाखवायची, तिथं लागेल तेवढं पाणी आहे म्हणायची. माणसं तरी तिच्याकडेच यायची.

तिचा नवरा सोमाजी टॅक्सी चालवायचा. गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, साहेबलोकांची ये-जा वाढली आणि सोमाजीच्या काळ्या अंबासिडरला दम खायची फुरसत मिळेना. सोमाजी बोलायला कमी, गाडी चालवायला सावकाश. एकच खोड होती त्याला. रस्त्यात कोणी हात दाखवला की हा ब्रेक मारणारच. मागं इंजिनिअर बसलेला असो की तहसीलदार, हात दिसला की गाडी थांबली. मग मोहाच्या टोपल्या, कोंबड्या, लेकुरवाळ्या बाया, सगळं आत. साहेब नाक मुरडायचे. सोमाजी आरशात बघायचासुद्धा नाही.

मीराबाई जगाला बोलायची, पण या खोडीवरून नवऱ्याला तिनं कधी बोल लावला नाही. कारण तिला ठाऊक होतं. दहा-अकरा वर्षांमागं, सोमाजी धानाच्या बांधीत राबत होता तेव्हाची गोष्ट. त्यांची एकुलती एक वच्छला, सहा वर्षांची पोर, तापानं फणफणली. तिला दवाखान्यात न्यायला दोघं कुरखेड्याच्या रस्त्यावर फाट्याजवळच्या मोहाखाली उभे राहिले. एक गाडी आली. थांबली नाही. पोर तिथंच गेली. त्यानंतर सोमाजी वडशाला जाऊन ड्रायव्हरी शिकला आणि पुढं त्यानं कोणाचाच हात रिकामा जाऊ दिला नाही. दुसरं मूल काही त्यांना झालं नाही.

अशा या माणसानं चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात जे केलं, ते मीराबाईच्या अकलेबाहेरचं होतं. तो कुरखेड्याहून एक दुसरीच गाडी घेऊन आला. विलायती, बसकी, आणि डोक्यावर छत नाही. छत होतं म्हणे, कापडाचं, मागं घडी पडणारं, पण ते उंदरांनी केव्हाच फस्त केलं होतं. शिकारीच्या जमान्यात कोणा शौकिनानं आणलेली असणार. आणि जागा किती, तर दोन. एक चालवणाऱ्याची, एक बाजूची. आता तुम्हीच सांगा, या मुलखात दोन माणसांची गाडी कोणाच्या कामाची?

स्टँडावर हीऽ गर्दी जमली. झाडू बंडीवाला चाकं दाबून बघत म्हणाला, "सोमाजीभाऊ, माह्या बंडीत बारा जन बसतेत. हे काय खेळनं आनलं?"

मीराबाई पदर खोचून पुढं आली. "एक गाडी घरी असून ही दुसरी काऊन आनली? अन् सवारी कुठी बसवान, टपावर? टप बी नाई तिले."

"लग्नाच्या सीझनले चालन," सोमाजी म्हणाला. "नवरदेव-नवरी बसवाचे. स्वस्तात भेटली. भंगाराच्या भावात."

"कोनाची होती?"

"एका ठेकेदाराची. मेला तो. धानाच्या मिलच्या शेडात पडून होती." एवढं बोलून तो बॉनेट पुसायला लागला. बॉनेट आधीच पुसलेलं होतं.

गाडीवरचा कोंड्याचा थर त्यानं धुऊन काढला. इंजिन स्वतः खोललं. डेंटिंगवाल्या पत्रूला बोलावून पत्रा सरळ करून घेतला, मेंदीसारखा रंग मारून घेतला. फक्त मागं, स्टेपनीच्या खाली एक पोचा होता. पत्रूनं हातोडी लावली तेव्हा सोमाजीनं त्याचा हात धरला आणि तो राहू दे म्हणाला. पत्रूला वाटलं, भाऊचं डोकं उन्हानं फिरलं.

लग्नाचा सीझन आला आणि गेला. किती जण विचारायला आले, पण सोमाजी एकालाही गाडी देईना. दिवसभर अंबासिडर चालवायचा आणि ऊन उतरायला लागलं की उघडी गाडी काढून एकटाच कुरखेड्याच्या रस्त्यानं जायचा. दिवेलागणीला परत यायचा. हॉटेलातल्या बाकड्यावर बसायचा, चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरायचा आणि म्हणायचा, "आजबी कोनी हात नाई दाखवला."

पहिल्यांदा मीराबाईला वाटलं, बिचाऱ्याचं मन खट्टू झालं. मग तिच्या ध्यानात आलं की हा माणूस हे सांगताना खुश दिसतो. गाल वर येतात, डोळ्यांत पाणी चमकतं. हे काही तिला बरं वाटेना.

बाजाराच्या दिवशी बायनाबाई आली. फाट्याजवळच्या टोल्यावरची, चार झोपड्यांच्या वस्तीतली ही बुढी चारोळी आणि मोहाच्या टोऱ्या, म्हणजे बिया, विकायची. टोपली खाली ठेवून ती कुरकुरली, "तुहा नवरा आता लय मोठा झाला वं मीरा. काल मी उन्हात उभी होती, तर हा बाजूनं भुर्रकन गेला."

"हात दाखवाचा ना मावशी. तो थांबल्याबिगर राह्यते का?"

"हात कायले दाखवू? बाजूले सवारी होती त्याच्या. दोनच तर जागा."

मीराबाईच्या डोक्यात जाळ उठला. हे असं होय. म्हणून दोन माणसांची गाडी. म्हणून रोज संध्याकाळची फेरी. सोमाजी घरी येऊन टेकला नाही तोच तिनं विचारलं, "कोन हाये ती?"

"कोन?"

"बाजूले बसते ते. बायनामावशीनं डोळ्यानं पाह्यलं."

पकडलेला माणूस खाली बघतो, नाहीतर ओरडतो. सोमाजीनं यातलं काहीच केलं नाही. तो उठून तिच्याजवळ आला आणि भुकेल्यासारखा विचारत राहिला, "काय पाह्यलं तिनं? नीट सांग. कशी बसली होती? काही बोलत होती का?" मीराबाईचा राग जागच्या जागी थिजला. आठवडाभर ती नवऱ्याशी बोलली नाही, कारण काय बोलावं तेच तिला सुचेना.

पुढच्या बाजाराला झाडू बंडीवाला चहाला थांबला. मीराबाईनं इकडचं तिकडचं बोलून विषय काढला. सोमाजीभाऊच्या गाडीत कोणी बाई दिसली का?

"बाई कुठली?" झाडू हसला. "पोट्टी असते लहानशी. सहा-सात वर्साची. मले वाटलं तुमच्या भावाची असन. पन काय वं बाई, एवढ्या उन्हात तिले गोधडी पांघरून कायले बसवता? हात तेवढा बाहेर असते तिचा."

मीराबाईनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. "कशी गोधडी?"

"हिरवी. कडीले लाल."

हिरव्या लुगड्याची, लाल काठाची ती गोधडी मीराबाईनं स्वतः शिवली होती. ती वच्छीबरोबरच मातीत गेली होती. मीराबाईनं भर दुपारी भट्टीवर पाणी ओतलं आणि गिऱ्हाइकांना तसंच सोडून ती घराकडं निघाली.

उघडी गाडी घरामागं उन्हात उभी होती. पत्रा असा तापलेला की हात लावला तर फोड यावा. मीराबाईनं बाजूच्या सीटवर तळहात टेकवला. सीट माठासारखी गार होती. रेक्झिनला मधोमध एक खळगा पडला होता, लहान, लेकरू बसावं एवढा. मीराबाई भिणाऱ्यांतली नव्हती. छप्पन्न साली तिच्या बापानं घरातले सगळे देव टोपलीत भरून नदीत सोडले तेव्हा ती बारा वर्षांची होती, आणि टोपली तिच्याच डोक्यावर होती. पण आता तिनं हात झटकन मागं घेतला. गाडीला वळसा घालून ती मागं गेली, स्टेपनीशी वाकली आणि तिची बोटं पोच्यात गेली.

दगड पत्र्यावर लागल्याचा तो आवाज तिच्या कानात कायमचा राहिला होता. त्या संध्याकाळी आलेली गाडी उघडीच होती. आत एकटा माणूस होता, बाजूची जागा रिकामी. वच्छीला गाड्यांना हात दाखवायची भारी हौस, खेळच होता तिचा. तापानं डोळे मिटलेले, तरी गाडीचा आवाज ऐकून तिनं गोधडीतून हात काढला आणि उंच धरला. गाडी हळू झाली. माणसानं बघितलं. मग तो निघून गेला. सोमाजीनं धावत जाऊन दगड हाणला, तो मागच्या पत्र्यावर लागला. मीराबाईनं खाली पाहिलं तेव्हा पोरीचा हात बाहेरच होता आणि पोर संपली होती.

सोमाजी कधी मागं येऊन उभा राहिला तिला कळलं नाही.

"तीच हाये?" तिनं विचारलं.

"तीच." तो खाली बसला. "जाळासाठी घेतली होती मी. घासलेट बी संग नेलं होतं. वाटंतच, मोहाखाली जाळाची होती. पन मिलच्या चौकीदारानं सांगतलं, मालकानं त्या दिवसापासून गाडी काढलीच नाई. शेडाले कुलूप लावलं. मरेपर्यंत म्हने, बाजूची जागा भरली हाये, उतरतच नाई." त्यानं तोंड पुसलं. "मंग मी कशी जाळू?"

"आपन बुद्धाचे लोक. आपन भूतखेत मानत नाई."

"भूत कुठी म्हनलं मी? वच्छी म्हनलं."

मीराबाईनं सीटकडं पाहिलं. मग हळूच म्हणाली, "तुमाले दिसते?"

"नाई. मले एकदाबी नाई दिसली. लोकायले दिसते. कोनी हात नाई दाखवला का मी समजतो, हाये अजून."

एवढं ऐकल्यावर कोणतीही बाई रडली असती. मीराबाईही रडली, पण आधी चिडली. "एवढी वर्सं माही पोट्टी त्या शेडात अंधारात बसली. अन् तुमी तिले नुसतं फिरवून राह्यले? तिनं हात कायले दाखवला होता? कुठी जाचं होतं तिले?"

सोमाजीनं पोच्यावरची धूळ अंगठ्यानं पुसली.

"सांगा ना."

"दवाखान्यात."

"मंग काऊन नाई नेलं?"

"उतरून जाईन ना ती," सोमाजी म्हणाला, आणि मोठा माणूस रडू नये तसा रडला.

मीराबाईनं त्याला पोटभर रडू दिलं. तिलाही का वाटत नव्हतं, राहू दे म्हणून? गार तर गार, खळगा तर खळगा, पण लेक दारात होती. पण तापानं फणफणलेलं लेकरू असं रस्त्यावर किती फिरवायचं? ती उठली, तोंड धुतलं आणि म्हणाली, "मी एस.टी.नं फाट्यावर जातो. तिथं हात दाखवीन. तुमी थांबा म्हंजे झालं."

ऊन कलल्यावर ती मोहाखाली उभी राहिली. झाड होतं तसंच होतं. बऱ्याच वेळानं वळणावर उघडी गाडी दिसली. मीराबाईनं हात उंच धरला. गाडी हळू झाली, त्या दिवशी झाली होती तशीच. सोमाजीनं गाडी अगदी तिच्या पायांजवळ थांबवली.

तिनं दार उघडलं. बाजूची सीट रिकामी होती, तिलाही काही दिसलं नाही. बसमध्ये लेकराला म्हणावं तसं ती म्हणाली, "सरक माय थोडी," आणि सीटच्या कडेला अंग चोरून बसली.

सगळी वाट तिचा उजवा दंड गार राहिला. वाटेत गुराखी भेटले, मोळीवाल्या बाया भेटल्या. सगळ्यांनी गाडीकडं पाहिलं आणि कोणी हात दाखवला नाही. एका वळणावर तिच्या खांद्यावर काहीतरी टेकलं. झोपलेल्या लेकराचं डोकं टेकतं, तेवढंच ओझं. मीराबाईनं श्वाससुद्धा जपून घेतला. सोमाजी इतकी हळू गाडी चालवत होता की एक सायकलवाला पुढं निघून गेला.

दवाखान्याच्या फाटकापुढं गाडी थांबली. वऱ्हांड्यात दिवा लागला होता, बाकावर पेशंट बसले होते. सोमाजीनं इंजिन बंद केलं नाही. तो दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरून समोरच बघत राहिला. मीराबाई खाली उतरली आणि तिनं दार उघडं धरलं.

"उतर वच्छे. आला दवाखाना."

लहान लेकराला गाडीतून उतरायला वेळ लागतो. तेवढा वेळ ती दार धरून उभी राहिली. फाटकातून येणाऱ्या नर्सनं विचारलं, "कोनाले आनलं बाई?" मीराबाईनं नुसती मान हलवली. मग ती परत आत बसली, आणि दिवसभराच्या उन्हानं तापलेली सीट तिला लुगड्यातून चटकली. तिनं सोमाजीला सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती, तो तिच्याकडंच बघत होता.

घराच्या वळणाशी बायनाबाई उभी होती, बाजार आटोपून, रिकामी टोपली घेऊन. गाडी पाहताच तिनं हात वर केला.

जन्मात ज्यानं कोणाचा हात रिकामा जाऊ दिला नाही, त्या सोमाजीचा पाय ब्रेकवर जाईना. गाडी बुढीच्या पुढं निघाली. मीराबाईनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"थांबवा," ती म्हणाली.

बायनाबाई धापा टाकत आली. टोपली तिनं मीराबाईच्या मांडीवर दिली आणि दार उघडून म्हणाली, "सरक ना वं मीरा. एवढी जागा मोकळी घेऊन बसली."

मीराबाई सरकली.