तलावाचा तिसरा काठ

शाळेचं तोंड मी पाहिलं नाही, पण कोणी सल्ला विचारला तर नाही म्हणायची सवय नव्हती. न विचारताही द्यायचो. त्या सवयीनं मला एकदा कमरेपर्यंत गाडलं.

तेव्हा नवी राज्यं झाली होती, आमचं नागपूर सुटलं होतं आन् बऱ्हाणपूर भोपाळला जोडलं होतं. आमच्या हापिसात नवा साहेब आला, वर तिकडच्या कुठल्या जुन्या संस्थानातला. मी उन्हाळ्यापुरता कच्चा माणूस. खसच्या, म्हणजे वाळ्याच्या पडद्यांवर दिवसभर पाणी मारायचं, मृग लागला की घरी. बायको रोज विचारायची, "पक्कं कधी होनार?" मी म्हणायचो, "होईल." तिला माहीत होतं, मला काही माहीत नाही.

साहेबाचे वडील सोबत आले होते, सगळे त्यांना बाबूजी म्हणत. त्यांच्या गावी मोठा तलाव होता आन् ते लहानपणापासून त्यात पोहायचे. इथं वैशाखात तापीत गुडघ्याएवढं पाणी, बाकी दगड. बाबूजी रुसून बसले, जेवणावर राग काढू लागले. एक दिवस साहेबानं हापिसात विचारलं, "यहाँ तैरने लायक तालाब कहाँ है?" सगळ्या बाबूंनी माना खाली घातल्या. मी बादली खाली ठेवली. "मी दाखवतो साहेब. जैनाबादला नदीतच वाढलो, पाण्यातलं सगळं कळतं."

साहेब म्हणाला, "जगह अच्छी निकली तो तुम्हारा भी कुछ करेंगे."

रविवारी जीपमधून निघालो. देडतलाईच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याशी तलाव. रस्ताभर मी नकला करून बाबूजींना हसवलं. पोचलो तर उन्हानं पाणी आत ओढलेलं आन् काठ तीन. एका काठावर बाया धुणं धूत होत्या, सगळे दगड. दुसऱ्या काठाला म्हशी बसलेल्या, सगळं शेण. तिसरा काठ पांढरा, साफ, एका खुराची खूण नाही. तापीत आम्ही अशीच जागा बघतो. ढोरं नाहीत म्हणजे रेती चांगली.

"हाच काठ," मी म्हटलं. "बाबूजी, मी आधी पाणी बघतो."

वाळलेल्या काठावर पाय ठीक पडले. पाण्यात दोन पावलं टाकली आन् खालून जमीनच गेली. पाणी वीतभर, खाली नुसता गाळ. एक पाय उपसला तर दुसरा आणखी खाली. थोड्या वेळात मी कमरेपर्यंत आत. लांबून बघणाऱ्याला वाटावं, कमरेएवढ्या पाण्यात गडी मजेत उभा आहे.

साहेब झाडाखाली चटई टाकत होता. "कैसा है?"

"मस्त, साहेब! गार!"

तोंडातून तेच निघालं. पक्की नोकरी डोळ्यांपुढं होती ना. मी अंगावर पाणी उडवलं, गाणं म्हटलं. वर डोकं तापत होतं, खाली पाय थंड पडत चालले होते. हालवलं की गाळ मांडी धरायचा, नाही हालवलं तरी धरायचा.

म्हशीवाली बाई पलीकडून ओरडली, "अरे ओ! तिथं ढोरं जात नाहीत, तू कसा गेला?"

"हळू बोल, बाई. माझ्या नोकरीचा प्रश्न आहे."

"मंग कर नोकरी तिथंच."

साहेबाशी मी मोडक्या हिंदीत बोलायचो, हे मराठी त्याला कळलं नाही, म्हणून वाचलो. एवढ्यात बाबूजींनी कुर्ता काढला, लंगोट कसला आन् माझ्याकडं चालू लागले. जड शरीर, सत्तरीचं वय. मी बुडालो कमरेपर्यंत. हे तर छातीपर्यंत जाणार. घशातलं गाणं तिथंच थांबलं. 'या' म्हटलं तर म्हातारा जातो, 'नका' म्हटलं तर नोकरी जाते. ते पाण्यापासून पाच पावलांवर आले तोवर मी गप्प होतो. हे सांगायची लाज वाटते, पण गप्प होतो.

मग ओरडलो, "बाबूजी, येऊ नका! मी फसलोय! मला तलावातलं काही कळत नाही!"

बाबूजी खो खो हसले. "पूरा मसखरा है!" आन् पुढं आले.

सकाळपासून त्यांना हसवत आलो, आता खरं कोणाला पटणार? मी हात जोडले, ते आणखी हसले. शेवटी मला रडू फुटलं. बाईमाणसासारखं नाही, लहान पोरासारखं, नाक गळेपर्यंत. तेव्हा कुठं बाबूजी एक पाय उचललेला तसाच धरून थांबले.

बाईनं म्हैस आणली. दोर माझ्याकडं फेकला, मी तो काखेतून बांधला, दुसरं टोक म्हशीच्या मानेला. मी निघालो, धोतर आतच राहिलं. धुण्यावाल्या बायांनी तोंडं फिरवली, पण सावकाश फिरवली.

बाबूजींनी मग त्या बाईलाच जागा विचारली. तिनं दगडांचा काठ दाखवला. ते तासभर पोहले, मी कमरेला चटई गुंडाळून जीपमध्ये बसलो.

दुसऱ्या दिवशी साहेबानं बोलावलं. "जब मालूम नहीं था तो कहा क्यों?"

"पक्कं व्हायचं होतं, साहेब."

मृग लागला, पडदे निघाले, पण मला कोणी घरी पाठवलं नाही. पक्कंही केलं नाही. पुढच्या उन्हाळ्यापासून दर रविवारी नवा काठ बघायला मी पुढं. कमरेला दोर, टोक बाबूजींच्या मुठीत. मी थांबून मागं बघितलं की ते दोर ढिला सोडायचे आन् म्हणायचे, "चलो, आगे चलो."