दवाखान्यातली बारी

पिंपळवंडीच्या दादाभाऊंना हळू बोलता येत नाही. सारा जन्म बैलगाडा शर्यतीच्या धावपट्टीवर, घाटात, गाडा धावायला सुटला की माईकवर 'बारी सुटलीऽऽ' ओरडण्यात गेला. आता ते बायकोकडे चहा मागतात तेव्हा शेजारच्या वस्तीवरही आधण ठेवलं जातं.

नातू दवाखान्यात होता तेव्हा वॉर्डातली पोरं दिवसभर पंख्याकडे बघत पडलेली त्यांनी पाहिली. त्यांना ते सहन होईना. घाटातले दोस्त ज्ञानेश्वर आणि गेणभाऊ यांना घेऊन त्यांनी मंडळच काढलं. दर रविवारी जायचं, आजारी पोरांना हसवायचं.

पहिल्याच रविवारी घोळ झाला. कागदी बैलांची शर्यत रंगली, दादाभाऊंचा आवाज चढला आणि गेणभाऊंनी घाटातल्या सवयीने जिंकणाऱ्यावर भंडारा उधळला. चादरी पिवळ्याधमक! मंगल सिस्टरांनी उरलेली पुडी जप्त केली. "पुढच्या रविवारी शेवटची संधी. आवाज वाढला की कायमचे बाहेर."

पुढच्या रविवारी तिघं मांजराच्या पावलांनी आत आले. खिडकीजवळ तळेघरची समृद्धी होती. जांभळीवरून पडून पाय मोडलेला. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण भीतीपायी ती पाऊल टेकवत नव्हती.

"भाऊ," तिची आजी ठकूबाई म्हणाली, "आमच्याकडं एष्टीचा भरवसा न्हाई. पोर चालली न्हाई तर साळा सुटंल वो तिची."

दादाभाऊ खाटेपाशी बसले. "गाडा हाकतीस का?"

"बैलं कुठायत?"

"हे काय!"

ज्ञानेश्वर आणि गेणभाऊ खाटेसमोर पाठमोरे उभे राहिले. दोघांच्या कमरेला उपरणी, टोकं पोरीच्या हातात. गेणभाऊ तर हंबरलेही.

"बारी सुटलीऽऽ," दादाभाऊ कुजबुजले. कुजबुजताना त्यांच्या मानेच्या शिरा टरारल्या.

समृद्धीने पाऊल टेकवलं. उपरणी घट्ट धरली. दुसरं टेकवलं. मग ओरडली, "दमानं रं बैलांनो!"

वॉर्ड हसायला लागला. हसता हसता पोर दारापर्यंत पोहोचली. तिथे वळून तिने दादाभाऊंकडे पाहिलं. "माझा नंबर?"

दादाभाऊंनी तोंड उघडलं. सगळा घाट दणाणून सोडणाऱ्या माणसाच्या गळ्यातून आवाजच निघेना. डोळे मात्र भरून वाहू लागले.

"अहो, पुकारा की!" मंगल सिस्टर म्हणाल्या. त्यांनी क्षणभर वाट पाहिली. मग खिशातून जप्त केलेली पुडी काढली आणि बाहेरच्या रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "पहिला नंबर, तळेघरच्या समृद्धीचाऽऽ!" आणि मूठभर भंडारा उधळला.