दुपारची ओहोटी

आमच्या भोईवाड्याच्या चाळीत तिसऱ्या, म्हणजे खाडीतले खायचे शिंपले, घेऊन एक कोळीण यायची. सगळी चाळ तिला मावशी म्हणायची. ती महिन्यातून दोनदाच यायची, अमावास्येच्या आणि पौर्णिमेच्या आसपास, पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेले. खाडीच्या त्या चिखलावर तिचं घर चालायचं. आईशी यथेच्छ घासाघीस झाली की माझ्याकडे बघून दोन मुठी जास्तीच्या पातेल्यात टाकायची. मी लहानपणापासून त्या तिसऱ्या हादडत आले, पण त्या महिन्यातून दोनदाच का येतात हे विचारायची गरज मला कधी वाटली नाही. कॉलेजात मी पर्यावरणशास्त्र घेतलं होतं, हे मुद्दाम सांगते.

शेवटच्या वर्षी आमचं अख्खं सत्र खाडीवर होतं. शिवडीच्या बाजूचं तिचं पाणी, तिवरं, पक्षी, काठावरची जुनी बंदरं आणि माणसं, सगळं अभ्यासायचं होतं. आमचे सर भलतेच उत्साही. भरती-ओहोटीचं कोष्टक समोर ठेवून त्यांनी भेटीचे चार दिवस काढले, चारही दिवस ओहोटी दुपारी बाराच्या सुमाराला. सकाळची लेक्चर्स बुडणार नाहीत आणि संध्याकाळी मुली वेळेत घरी पोचतील, म्हणून आम्हीही खूश होतो.

पहिल्याच भेटीत चिखलात रोवलेले बांबू दिसले. टोकांना लाल फडकी बांधलेली. मोजणीचे असतील, सर म्हणाले. दुसऱ्या भेटीला ते तिवरांच्या अलीकडे आले होते आणि तिसऱ्या भेटीला आम्ही डबे खायला बसायचो त्या कठड्यापासून हाकेच्या अंतरावर. रोवताना मात्र कधी कोणी दिसलं नाही. भर दुपारच्या त्या रिकाम्या चिखलाकडे पाहून मला भीती वाटायची. कसली ते सांगता येत नव्हतं, म्हणून मी मोठमोठ्यानं विनोद करत सुटायचे.

तिथं काहीतरी बांधू पाहणाऱ्यांनी कॉलेजकडून एक तक्ता भरून मागितला होता. पक्षी किती, तिवरं किती, असले रकाने. शेवटचा रकाना होता, चिखलाचा स्थानिक लोकांकडून होणारा वापर. अक्षर चांगलं म्हणून तक्ता माझ्याकडे आला. चार भेटींत चिखलात उतरलेलं एकही माणूस आम्ही पाहिलं नव्हतं. चौथ्या भेटीत तिथंच कठड्यावर बसून मी लिहिलं, ‘वापर आढळला नाही’, आणि खाली झोकात सही केली. सर म्हणाले, “व्हेरी गुड. नेमकं लिहिलंस.”

त्या संध्याकाळी घरी आल्या आल्या मी आईला म्हटलं, “तिसऱ्या कर ना गं, किती दिवस झाले.”

आई हसायलाच लागली. “आज खंय गावतले तिसरे? आज अष्टमी मां! भांगाचा पाणी धड उतरता तरी काय? तिसऱ्यांक उधाणाची ओहोटी व्हयी, ती पहाटेची.”

भिंतीवरचं कॅलेंडर काढून चारही तारखा पाहिल्या. चारही अष्टमीच्या मागेपुढे. दुपारी ओहोटी येते ती अष्टमीच्या आसपासच, आणि तेव्हा, भांगाला, पाणी जेमतेम हटतं. तिसऱ्यांचा चिखल उघडा पडतो तो अमावास्या-पौर्णिमेला, पहाटे. तेव्हा मी भोईवाड्यात झोपलेली असायचे. सातवी शिकलेल्या आईला हे ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सरांना गाठलं. ते म्हणाले, “तक्ता तर गेला गं. आणि आपण पाहिलं तेच लिहिलं ना?” मी मान डोलावली. परीक्षा तोंडावर आहे असं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मी घाबरले होते. पुढे दोनदा मावशी आली तेव्हा मी आतल्या खोलीतून बाहेरच आले नाही.

तिसऱ्यांदा, पौर्णिमेच्या सकाळी ती आली आणि टोपली उतरवून दारातच बसून राहिली. “बांबू आमच्या वाटेपर्यंत आले गो. पत्रे ठोकनार म्हंतात. कोन कॉलेजवाले लिवून गेले, चिखलात कोन जातच नाय.” मग तिनं मला हाक मारली. “तू शिकलेली हायस. आमच्या बायांचा अर्ज लिवून दे.”

मी लिहायला बसले. तिथी लिहिल्या, पहाटेची ओहोटी लिहिली, किती बायका उतरतात ते तिला विचारून लिहिलं. शेवटी एक ओळ घातली. ‘वापर नाही असे लिहिणारी विद्यार्थिनी मीच असून माझे म्हणणे चुकीचे होते.’

मावशीला वाचता येत नव्हतं. ती ओळ गाळून वाचली असती तरी तिला कळलं नसतं.

“वाच,” ती म्हणाली.

मी सगळं वाचलं. आई ओट्यापाशी हात थांबवून उभी राहिली. मावशीनं माझ्याकडे पाहिलं. शिव्या घालेल असं वाटलं. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

“पन तिसऱ्या तर तू खातेस गो,” ती म्हणाली.

तिनं अंगठा उठवला, आईच्या पातेल्यात तिसऱ्या मोजल्या, सवयीनं दोन मुठी जास्तीच्या टाकल्या आणि जिना उतरून गेली. अर्ज मी कचेरीत नेऊन दिला, त्याची पोच मिळाली. पुढच्या अमावास्येच्या आत त्या वाटेवर पत्रे लागले. मावशी त्यानंतर आमच्या चाळीत आली नाही.